खाडीकाठचा प्लॉट पाहायला गेलो तेव्हा

निवृत्तीनंतर खाडीकाठी छोटं घर बांधायचं, हे यांचं जुनं स्वप्न. म्हणून शनिवारी सकाळी सहाला वारज्यातून निघालो. पौड, ताम्हिणी, माणगाव आणि पुढे खाडी. चहा-नाश्त्यासह पाच तास. घाट ठीक आहे, माणगावनंतर कंबर सांभाळा.

खाडीकाठच्या गावात पाहुण्यांना खोली देणाऱ्या पार्वतीताईंच्या घरी उतरलो. साधी, स्वच्छ खोली. जेवायला तांदळाची भाकरी आणि तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले शिंपले, त्याही मोजक्याच.

"पूर्वी ओहोटीला तासाभरात टोपली भरायची," त्या म्हणाल्या. "आता अर्धा दिस चिखलात बसते."

दुपारी एजंटने प्लॉट दाखवला. लाल मुरमाचं सपाट मैदान, आणि कडेला भरावातून वर आलेली, खारफुटीची वाळलेली श्वासमुळं. तीस वर्षं फळ्यावर ती काढून मुलांना शिकवली मी.

"इथे कांदळवन होतं ना?"

"झुडपं होती मॅडम, डासांची. साफ केली. आता डायरेक्ट व्ह्यू."

"आणि भरतीचं पाणी?"

"आपल्याकडे नाही येणार. भराव उंच घेतलाय."

मग कुठे जाणार, ते संध्याकाळी पार्वतीताईंच्या स्वयंपाकघरात दिसलं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती.

"झाडं होती तवर पाणी दमानं यायचं. आता थेट चुलीत शिरतं. मुळांच्या आडोशाला कोळंबीची पिल्लं वाढायची, तीबी गेली."

माझा संताप एजंटवर होता. पण प्लॉटवर उभ्या पाचही गाड्या पुण्याच्या होत्या, एक आमची. गिऱ्हाईक होतं म्हणून कुऱ्हाड चालली.

"घर नको," यांनी एवढंच सांगितलं.

रविवारी कांदळवन तोडल्याच्या तक्रारीचा अर्ज लिहिला. सोमवारी पार्वतीताईंसोबत सरकारी कचेरीत गेलो. कारकुनाने मान वर न करता मला विचारलं, "आपण पुण्याच्या. आपलं काय नुकसान झालं?"

"नुकसान माझं झालंय," पार्वतीताई म्हणाल्या. "अर्ज माझा हाय. बाईंनी फक्त लिवलाय."

त्याने शिक्का मारला. मारावाच लागला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. पार्वतीताईंनी त्याचा फोटो पाठवला. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर जागी कांदळवन आढळून आले नाही.'

तीनदा वाचलं. कसं आढळेल? तीच तर तक्रार होती.

त्यांचा फोन आला. "बाई, आता काय लिवायचं?"

"अपील," मी म्हणाले. यांनी टेबलावरचा पसारा बाजूला करून मला जागा करून दिली.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. ओहोटीची वेळ बघून जा, गावातल्याच घरी जेवा. फक्त प्लॉटचा भाव विचारू नका.