घंटा काढलेल्या शेळ्या

मारूसोच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या फिलोटी गावाला ठाऊक आहे. चीज करायला बसली की शेळ्यांच्या भानगडी सांगते, चर्चमध्ये मेणबत्ती लावताना देवालासुद्धा शेजारणींच्या बातम्या पुरवते, आणि पाद्रीबाबा प्रवचन लांबवायला लागले की पहिली जांभई हिचीच. बुटकी, गोल, डोक्याला निळा रुमाल. तर अशा बाईनं अख्खा उन्हाळा एक गोष्ट पोटात ठेवली, म्हणजे ती केवढी जड असेल, बघा.

झालं असं. ईस्टरनंतर एका सकाळी तिच्या नवऱ्यानं, माथ्योसनं, आपल्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. एकूण एक. डोंगरातला धनगर घंटा कधी काढतो? घरातलं माणूस गेलं की. दुपारपर्यंत बायका काळे कपडे घालून, दुखवट्याला नेतात ती कोन्याकची बाटली आणि कडक टोस्ट घेऊन दारात हजर. मारूसो अंगणात बटाटे सोलत बसलेली.

"अगं, कोण गेलं?" कॉफीवाल्या अनेझानं गळा काढायच्या तयारीत विचारलं.

"मला काय माहीत! तुम्ही निघालात कुणाकडे?"

तेवढ्यात माथ्योस गोठ्यातून बाहेर आला. "मुलगा गेला," म्हणाला, बादली उचलली आणि परत आत.

"याकूमिस?" अनेझा किंचाळली. "अरे देवा! आत्ता तर सिगरेट घेऊन बसमध्ये चढला की! सुट्टे पैसेही नव्हते मेल्याकडे!"

आणि मग जीभ चावली, कारण मेल्या म्हणायची ती वेळ नव्हती.

आदल्या दिवशीचं भांडण सगळ्यांनी पाहिलेलं. झास डोंगरावरच्या गुहेकडे जाणारी पायवाट माथ्योसच्या कुरणातून जाते. याकूमिस परदेशी पाहुण्यांना त्या वाटेनं चालवत न्यायचा. त्यातल्या कुणीतरी तारेचं फाटक उघडं टाकलं, शेळ्या कड्याकडे भरकटल्या, आणि म्होरकी शेळी करडांसकट खाली कोसळली. माथ्योस भर कॉफीखान्यात गरजला, "माझ्या शेळ्या गिळल्यास तू!" मुलगा बापाचाच, जिभेला हाड नाही. म्हणाला, "वर गुहेत झ्यूसला का लपवलं होतं, माहितीये ना बाबा? बाप पोरं गिळायचा म्हणून. या डोंगरातले बाप अजून तेच करतात." लोक हसले. हसले तिथेच घात झाला. माथ्योसनं कॉफी अर्धी टाकली आणि घरी गेला.

मारूसोनं काळं नेसायला साफ नकार दिला. उलट निळा रुमाल आणखी घट्ट बांधला आणि घरोघर फिरून दम भरला, "माझ्या पोराला हे कळलं, तर ज्याच्या तोंडून कळेल त्याच्या घरी माझं चीज आयुष्यात येणार नाही." जिवंत माणसाचं सुतक त्याच्या कानावर घालणं तसंही अशुभच. म्हणून म्हणा, किंवा चीज खरंच चांगलं म्हणून म्हणा, फिलोटीनं जन्मात पहिल्यांदा एक गुपित राखलं.

याकूमिस बंदरावरच्या गावात खोली घेऊन राहिला. वाटेवर त्याचं येणं चालूच होतं, कारण वाट काही बापाची नाही, फाटक तेवढं बापाचं. माथ्योसनं शेळ्या डोंगराच्या पाठीमागे नेल्या. आणि मारूसो टोपलीत पाव, ऑलिव्ह, कडक चीज भरून वाटेवरच्या झऱ्यापाशी पाहुण्यांची वाट बघायची. धंदा म्हणे! पाहुण्यांना एक तुकडा, पोराला चार.

पण जीव मुठीत. पूर्वी घंटांवरून कळायचं नवरा कुठल्या उतारावर आहे. अंगणात कपडे वाळत घालताना ती सांगायची, "आता ओढ्याशी पोचला, आता त्याला भूक लागली." आता डोंगर मुका. नवरा कुठल्याही दगडाआडून येऊ शकत होता, आणि बापलेक समोरासमोर आले तर काय होईल, या विचारानं तिच्या हातून दोनदा दूध उतू गेलं.

ऑक्टोबर सरत आला. याकूमिसनं कॅनडाला मामाच्या हॉटेलात जायचं ठरवलं. परत येण्याचं बोलला नाही. मारूसोला एकच हवं होतं, जाण्याआधी पोरानं घरी एक वेळ जेवावं. बापाच्या टेबलाशी. बस.

सकाळच्या कॉफीला तिनं विषय काढला. "उद्याच्या बोटीनं याकू चाललाय."

"मेलेली माणसं बोटीत बसत नाहीत," माथ्योस म्हणाला.

"जीभ झडो तुझी."

"साखर दे."

तिनं दिली, आणि टोपली उचलून निघाली.

त्या दिवशी ती झऱ्यापाशी थांबली नाही. याकूमिसच्या मागे मागे, धापा टाकत, गुहेपर्यंत चढली. "आई, गुडघे गेलेत ना तुझे?" त्यानं विचारलं. "गुडघे माझे आहेत, तू पुढे बघ," ती म्हणाली. ढग खाली उतरत होता. गुहेच्या तोंडाशी पाहुणे दगडांवर टेकले आणि याकूमिस नेहमीची गोष्ट सांगायला लागला. भाषा परकी, पण हातवाऱ्यांवरून तिला कळत होतं. हा बाप गिळतोय. ही आई बाळाऐवजी दगड बाळंत्यात गुंडाळून देतेय. हे पहारेकरी ढाली बडवतायत, बाळाचं रडणं बापाला ऐकू जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात ढगातून शेळ्या आल्या. आवाज नाही. आधी शिंगं, मग डोळे.

पाहुणे खूश, फोन बाहेर. याकूमिसचे हात हवेतच थांबले. तो शेळ्यांच्या रिकाम्या गळपट्ट्यांकडे बघत होता.

"आई, कोण गेलं?"

मारूसो टोपलीत काहीतरी शोधायला लागली.

"आजी? आजी गेली आणि मला कळवलंही नाहीस?"

"आजीला काय धाड भरलीय? परवाच माझ्या सुपाला नावं ठेवून गेली."

"मग कोण?"

मग शेळ्यांच्या मागून माथ्योस आला, काठी टेकत, आणि त्यांना पाहून जागच्या जागी उभा राहिला. याकूमिसनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. कोण गेलं ते त्याला आता विचारावं लागलं नाही.

पाहुण्यांमधल्या एका म्हाताऱ्या बाईनं घंटांबद्दलच काहीतरी विचारलं असावं. याकूमिसनं दोन-चार शब्दांत उत्तर दिलं. मारूसोला भाषा कळली नाही, पण सगळ्यांनी टोप्या उतरवल्या, तेव्हा काय सांगितलं ते कळलं. म्हातारी उठली, दगडांवरून तोल सावरत माथ्योसकडे गेली, आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून बोलायला लागली. डोळ्यांत पाणी बिचारीच्या.

"काय म्हणतेय?" माथ्योसनं विचारलं. कुणाकडेच न बघता.

"म्हणतेय, वाईट वाटलं." याकूमिसचा आवाज कोरडा. "तिचाही मुलगा गेलाय. विचारतेय, तुमचा मुलगा कसा होता?"

म्हातारीनं हात सोडला नाही. माथ्योसनं ओढून बघितला, पण बाई चिवट.

"सांग तिला," तो शेवटी म्हणाला, "तोंडाळ होता."

याकूमिसनं सांगितलं. म्हातारी मान हलवून वाटच बघत राहिली.

"फाटकं लावायचं कळत नव्हतं त्याला." माथ्योसनं काठी दगडात रोवली. "पण विताना अडलेली शेळी सोडवायला त्याच्यासारखा हात नव्हता. हे सांग."

याकूमिसनं तोंड उघडलं, पण भाषांतर काही झालं नाही. तो वळून गुहेच्या अंधाराकडे बघत उभा राहिला. मारूसोला वाटलं, आता. आता नवरा एक पाऊल टाकेल. तिनं टोपलीची कडी इतकी आवळली की बोटं दुखली.

माथ्योसनं हात सोडवून घेतला. "ढग उतरतोय," म्हणाला. "त्यांना ओढ्याच्या बाजूनं खाली ने. वरचे दगड सुटलेत." आणि शेळ्यांना शीळ घालून निघून गेला. पाठीमागे काही वाजलं नाही, त्यामुळे किती लांब गेला तेही कळलं नाही.

रस्त्याला लागल्यावर याकूमिस म्हणाला, "आई, चल, बंदरावर माझ्याबरोबर जेव."

"बाबा उपाशी राहील."

"माणूस मेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत," तो म्हणाला आणि हसला. ते हसू तिला बघवेना.

ती गेली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवऱ्याचं रात्रीचं जेवण न मांडता गेली. धक्क्याजवळच्या खाणावळीत मासे मागवले, तिनं मीठ जास्त म्हणून मालकाला सुनावलं, पोराच्या ताटातले काटे काढून दिले, आणि त्यानं इतका मोठा झाल्यावरही काढू दिले. घराचा विषय दोघांनीही काढला नाही. सकाळी बोट गेली.

दुपारच्या बसनं मारूसो घरी आली. माथ्योस पायरीवर बसला होता, पुढ्यात कालचाच पाव.

ती बोलायचं टाळून आत निघाली. उंबऱ्यावर त्यानं विचारलं, "जेवला काय तो?"

"मासे."

माथ्योसनं पाव बाजूला सारला.

"पोटभर?"

"नाही," मारूसो म्हणाली, आणि आत जाऊन बटाटे सोलायला बसली.