कडुनिंबाकडची खिडकी

आईचा दमा प्लांटच्या धुराने वाढला, हे मी युनियनच्या पत्रकात छापून गेटवर वाटलं होतं. घरीही तोच न्याय. आमच्या क्वार्टरची भट्ट्यांकडची खिडकी मी खिळे ठोकून बंद केली.

दुसऱ्या खिडकीसमोर कडुनिंब होता, प्लांटसाठी उठवलेल्या गावाचा उरलेला. गाव पाडलं, झाड ठेवलं. साहेबांना सावली आवडते. आम्ही भंडाऱ्याकडचे शेतकरी. कडुनिंबाची हवा औषधी, हे आमच्यात कोणी तपासून बघत नाही. बाबांनी त्याच खिडकीला वाळ्याच्या मुळांची टट्टी पडद्यासारखी बांधली, मागे भंगारातून उचललेला पंखा बसवला. टट्टीवर पाणी मारलं की बंगल्यांतल्यासारखी गार हवा थेट आईच्या खाटेवर.

पाडव्याच्या आसपास झाड फुललं आणि आईला पहाटेपासून धाप लागायला लागली.

"कावून वं माय, धूर तर बंद केला ना?"

"मले काय इचारतं? त्या हवेले इचार."

प्लांटच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला मी धूर दाखवायला घरी ओढून आणलं. त्याने धुराकडे बघितलंच नाही. टट्टीवर बोट फिरवलं. बोटाला पिवळट भुकटी, आणि काड्यांत बारीक फुलं कुजलेली.

"ये भी प्लांट की धूल है, नेताजी? पंखा सारा पराग माँजी की छाती में भर रहा है. उतारिए इसे."

मी उतरवली नाही. आठ दिवसांनी गेटवर धुराविरुद्ध सभा होती. टट्टी उतरली असती तर डॉक्टर खरा ठरला असता, आणि डॉक्टर साहेबांचा माणूस.

आईला म्हटलं, "सभा होऊ दे, मग काढतो."

"मी थांबतो ना बाबू," ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला दम पुरला नाही.

आठ दिवस मी रोज सकाळी त्या टट्टीवर पाणी मारलं. सभेत धुरावर तासभर बोललो, आईचं उदाहरण देऊन. टाळ्या पडल्या.

घरी आलो तर टट्टी अंगणात पडलेली. आईने एकटीने स्टुलावर चढून सुतळ्या कापल्या होत्या, कडुनिंबाकडची खिडकी लावून घेतली होती. घर भट्टीसारखं तापलेलं. ती भिंतीला टेकून बसली होती, धाप जरा खाली बसलेली.

"झाली सभा?"

"झाली."

"मंग आता ते खिळे काढ. एक तरी खिडकी लागन ना मले."

मी पकड आणली. एकेक खिळा उपसला आणि खिडकी उघडली. समोर धूर होताच.