आधी मालू जेवते

मालू मोरा बंदराकडच्या मिठागरवाल्यांची लेक. लग्न होऊन पनवेलजवळच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आली. नवरा गेला तशी तिने अंगणात चूल मांडली आणि किल्ला उतरून येणाऱ्यांना पोपटी विकू लागली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरायची, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचं आणि भोवती जाळ. थंडीतल्या रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

लॉकडाऊन तिने पचवला. पण यंदा पावसाळ्यात गावच्या विहिरीत गटाराचं पाणी झिरपलं, घरोघर कावीळ झाली आणि गावाचं नाव मोबाइलवर फिरलं. विहीर उपसली, गटार बुजवलं, पाणी तपासून झालं. तरी गाड्या बाहेरच्या रस्त्याने सुसाट. दीर दिनानाथ तर अंगण कंटेनरच्या पार्किंगला द्यायला निघाला होता.

"वयनी, हट्ट सोड. नायतर निदान बाटलीचं पानी ठेव."

"बाटली ठेवली म्हंजे आमचं पानी वाईट, असं मीच वरडून सांगितलं ना?"

थंडी पडल्यावर एका रविवारी एकच गाडी थांबली. करंजाड्याची दमयंती आणि तिचा नवरा. मडकं उघडलं, वास सुटला, पण दमयंती उभीच.

"काकू, वास भारी आहे हो. पण ते काविळीचं... मिटलं ना नक्की?"

मालूने स्वतःसाठी पान वाढून घेतलं आणि ओट्यावर, त्यांच्यासमोर, मांडी घातली. दिनानाथ धावतच आला. पाहुण्यांच्या आधी घरची बाई जेवायला बसते? या घरात असं कधी घडलं नव्हतं. सासू तर जन्मभर उरलंसुरलंच खात आली.

"वयनी, ऊठ! लोकं थुकतील!"

"थुकायला तरी येतील ना!"

तिने कोंबडीची तंगडी तोडली, चवीने खाल्ली. विहिरीच्या पाण्याचा तांब्या उचलला, घटाघट रिकामा केला.

"बघून घे, बाय. घाई नाय मला."

दमयंतीचा नवरा कुजबुजला, "अगं बस लवकर, त्या सगळं संपवतील!"

दमयंती हसली, बसली. "पाणी मात्र आमचंच पिऊ हं."

"आज तुमचं प्या. पुढच्या येळेला माझं."

दिनानाथ अजून तिथेच घुटमळत होता. "मंग त्या पार्किंगवाल्याला काय सांगू?"

मालूने वालाची शेंग सोलली.

"सांग, वयनी जेवतेय."