थोरल्याचं वाक्य

गेली अठरा-वीस वर्षं मी लोकांच्या रक्षाविसर्जनाला भाषणं करतो. हा माझा धंदा नाही. मी इस्लामपूरला हायस्कूलात विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागला राहतो. भाषणाचं मला कुणी काही देत नाही. उन्हात उभं राहायला मिळतं तेवढं पदरात पडतं.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी राख सावडून झाली की लगेच घरी जायची पद्धत नाही. आधी श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, आणि ज्यांना येत्या निवडणुकीला उभं राहायचं असतं ते सगळ्यात जास्त बोलतात. मेलेला माणूस या सगळ्यांच्या मते मनमिळाऊ आणि परोपकारी असतो. शेवटी प्रत्येक जण 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' म्हणतो, आणि मग पुढचा उठतो.

माझा देवावर विश्वास नाही. फार झगडून वगैरे सोडला असं काही नाही. चौदा-पंधराव्या वर्षी तो नसावा असं लक्षात आलं, आणि पुढे मत बदलावं असं काही घडलं नाही. मेल्यावर माणूस कुठं जातो म्हणाल, तर कुठंच जात नाही. घरात देव्हारा आहे, तो बायकोचा. तिचा देव आणि माझं हे मत एकाच स्वयंपाकघरात चाळीस वर्षं सुखानं राहतात. भांडण झालंच तर चहात साखर किती यावरून होतं.

तर पहिलं भाषण. आमच्या शाळेचा जुना शिपाई वारला. तो आमच्याच गावचा, म्हणजे इस्लामपूरपासून थोडं आत, कृष्णाकाठी. ज्या पुढाऱ्यानं बोलायचं तो आला नाही, म्हणून लोकांनी मला पुढं ढकललं. मला त्या शिपायाबद्दल एकच गोष्ट माहीत होती. शेवटच्या तासाची घंटा तो रोज दोन मिनिटं आधी द्यायचा. वाड्या-वस्तीवरच्या पोरींची एसटी शाळा सुटायच्या वेळीच निघायची, ती चुकली की पुढची दीड तासानं. एकाही हेडमास्तरांना हे कधी कळलं नाही. शाळेचं घड्याळ मागं आहे असं तो त्यांना सांगायचा. एवढं सांगून मी थांबलो. लोकांना भाषण फार आवडलं असं मला नंतर कळलं. तीन मिनिटांत संपलं हे त्याचं मुख्य कारण.

पण त्या वेळी मात्र एक अडचण झाली. ते शेवटचं वाक्य मी म्हणालो नाही, आणि लोक तसेच उभे राहिले. पुढं काय करायचं कुणाला कळेना. तेवढ्यात मागून, पार शेवटच्या रांगेतून, परेड मैदानावर शोभेल असा आवाज आला, "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो!" नदीपलीकडच्या उसातून बगळे उडाले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चपला शोधायला लागले.

तो आवाज माझ्या थोरल्या भावाचा होता. तो लष्करात एकोणीस वर्षं ड्रायव्हर होता, हवालदार होऊन परत आला आणि गावातच ऊस करायचा. सकाळी अर्धा तास पूजा, सोमवारी उपास, घरातून निघताना देवाला सांगून निघणार.

घाटावरून येताना मी त्याच्यावर वैतागलो. "मी मुद्दाम म्हणालो नाही. तू मध्ये कशाला बोललास?"

"तुझं भाषण सपलंच न्हवतं," तो म्हणाला. "माणसं हात जोडून हुबी हुती. त्यास्नी हात कवा सोडायचं कोण सांगणार? तू सांगत न्हाईस, मग मी सांगितलं."

पुढची अठरा-वीस वर्षं तसंच चाललं.

बोलावणी वाढत गेली. कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्या घरी जायचो. माणूस कसा होता हे विचारायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं, कारण सगळे चांगलेच असतात. रोज काय करायचा ते विचारायचो. एका म्हातारीला गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला पहिलं मूल झालं तेव्हा काय खावंसं वाटलं होतं हे पाठ होतं. एक माणूस असा निघाला की त्याच्याबद्दल घरचेसुद्धा गप्प बसले. तासभर बसल्यावर शेजारी म्हणाला, उन्हाळ्यात याच्या पाण्याची पाळी असली की हा पुढच्याला वेळेवर सोडायचा, अर्धं वावर कोरडं राहिलं तरी. आमच्या भागात हे लहान काम नाही. मी तेवढंच सांगितलं आणि त्याची सून पहिल्यांदा रडली.

मला याची गरज का वाटते हे लोक विचारतात. देव मानत नाहीस तर घाटावर कशाला जातोस? माझं म्हणणं असं की वर कुणी बसून सगळं बघत असेल, तर माझ्या वहीची काही गरज नाही. तसं कुणी नाही, म्हणूनच निदान एकदा, चार माणसांत, मोठ्यानं सांगायला हवं की घंटा दोन मिनिटं आधी होत होती. नाहीतर ती झालीच नव्हती असं होईल. माझ्या आयुष्याला अर्थ म्हणून काही असेल तर तो एवढाच आहे. फार नाही, पण मला पुरला.

थोरला प्रत्येक ठिकाणी यायचा. पलूस असो, वाळवा असो, मोपेडवरून यायचा, मागं उभा राहायचा. मी थांबलो की दोन श्वासांइतकं थांबून त्याचं वाक्य म्हणायचा. ते दोन श्वास तो का घेतो हे मी एकदा विचारलं. "तू म्हणतोस का ते बघतो," तो म्हणाला.

सत्तरी ओलांडली तसा त्याला घोर लागला. एकदा परत येताना त्यानं मोपेड बांधावर उभी केली आणि म्हणाला, "माझ्या वेळंला कोण म्हणणार रं?"

"काय?"

"वाक्य. बोलशील तू. पर त्ये कोण म्हणणार? पहाऱ्यावरनं उतरताना रिलीव्हर हुबा करून उतरावं लागतंय. माझा रिलीव्हर कोण?"

"बघू," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत मी त्याला दिलेलं सगळ्यात वाईट उत्तर ते हेच.

मग तो स्वतःच माणूस शोधायला लागला. डेअरीचा सेक्रेटरी त्याला पटला नाही, दुधाचा फॅट वाचल्यासारखं म्हणतो म्हणून. भजनातला शेजारी ते वाक्य गायला लागला. शेवटी तालमीतले जुने वस्ताद पसंत पडले. आवाज पलीकडच्या काठाला जाईल असा. वस्ताद याच्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत हे मी लक्षात आणून दिलं. "तब्येत बघ की त्येंची," तो म्हणाला. वस्ताद दिवाळीनंतर गेले. मी बोललो, थोरल्यानं वाक्य म्हटलं, आणि आम्ही घरी आलो. दारात म्हणाला, "रिलीव्हरच आदी गेला गड्या."

गेल्या वर्षी त्याच्या किडन्या बिघडल्या. सांगलीत दवाखाना, म्हणून शेवटचे दीड महिने तो आणि वहिनी आमच्याकडे विश्रामबागला होते. एका दुपारी गॅलरीत बसलो होतो. खाली रिक्षावाले गिऱ्हाइकावरून भांडत होते, ते तो मन लावून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तू म्हणशील का?"

त्याला काय विचारायचं आहे ते मला कळलं होतं. 'हो' म्हणायला एक अक्षर लागतं, ते माझ्या तोंडातून निघेना.

"न्हाई म्हणलास तरी चालंल," तोच म्हणाला. "पटत न्हाई ते तू बोलत न्हाईस, तेवढंच तुझं बरं हाय. माझ्यापायी लबाड हूं नगंस. पर वाटतंय बघ. समद्यांचं म्हणून झालं, आन माझंच न्हाई."

त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. सतरा दिवसांनी गेला.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं वही घेऊन वहिनींसमोर बसलो. खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतं. मला त्याचं सगळंच माहीत होतं. तरी विचारलं.

"तुमचं भाषाण असलं की आदल्या दिवशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे," वहिनी म्हणाल्या. "दोनदा. सकाळी परत. माझा आवाज बसला तर त्येचं भाषाण अर्धं ऱ्हाईल म्हणायचे."

मी ते वहीत लिहून घेतलं. अक्षर माझं मलाच लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी गावच्या घाटावर गर्दी होती. आधी दोघं पुढारी बोलले. दोघांनीही त्याला सीमेवर लढवला. माझी वेळ आली तेव्हा मी सांगितलं की तो लढला नाही. त्यानं लडाखात पाण्याचा टँकर चालवला. वर ठाण्यावरची पोरं सकाळी तोंड धुवायची ते पाणी याचं असायचं. थंडीत रात्रभर इंजिन बंद पडू नये म्हणून हा टँकरमध्येच झोपायचा. गावाला त्यानं हे कधी सांगितलं नाही, कारण गावाला लढाईच हवी होती. मग गुळण्यांचं सांगितलं. लोक हसले. वहिनीही हसल्या.

आणि मी थांबलो.

सवयीनं थांबलो. एक श्वास गेला, दुसरा गेला. मी मागच्या रांगेकडे बघत होतो. तिथं एक मोकळी जागा होती असं नव्हे, माणसं दाटीनं उभी होती. पण आवाज आला नाही. सगळ्यांचे हात जोडलेले. कुणी सोडेना. त्याला आत्मा नाही, तो कुठं गेलेला नाही, त्याला शांतीची गरज नाही, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. एवढ्या माणसांना हात कधी सोडायचे ते सांगणारा तेवढा आता नव्हता.

"ईश्वर," मी म्हणालो. "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

लोकांनी हात सोडले.

हे मी कुणाला म्हटलं ते मला सांगता येणार नाही. देवाला नव्हतं, कारण तो नाही. थोरल्याला नव्हतं, कारण तोही नाही. देव नाही याचं मला उभ्या जन्मात कधी वाईट वाटलं नव्हतं. थोरला नाही याचं फार वाटतं.

घाट चढताना वहिनी माझ्याजवळ आल्या. डोळे पुसून झाले होते. "आवं भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "आवाज लय बारीक आला तुमचा. ह्यांनी असतं तर परत म्हणाय लावलं असतं."

मी मागं वळून नदीकडे बघितलं. पलीकडच्या काठाला, उसाच्या कडेनं, बगळे आपले बसून होते. एकही उडाला नव्हता.