चंद्रीचा गळालेला ठोका

माथेरानच्या घोड्यांच्या तळावर काशिनाथ आपल्या चंद्रीचा लगाम धरून उभा होता. महिन्यापूर्वी घोडीला ताप येऊन गेला होता. तपासायला आलेल्या डॉक्टरबाई तिच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत होत्या.

"ठोका चुकतोय," त्या म्हणाल्या. काशिनाथचा चेहरा उतरला.

घोड्यावरून रपेट मारायला आलेला मी बाजूला उभा राहून टक लावून बघतोय हे पाहून बाईंनी नळ्या माझ्या कानात दिल्या. एवढ्या मोठ्या जनावराचं हृदय इतकं सावकाश चालतं? तीन ठोके संथ पडले, आणि चौथ्याच्या जागी नुसती शांतता.

"तापानंतर कधी हृदयाला सूज येते," बाई काशिनाथला सांगत होत्या. "घामातून क्षार गेले तरी ताल बिघडतो. पण निरोगी घोड्यांचंही उभ्या उभ्या असं होतं, आणि जरा पळवलं की ते जातं. जरा दुडक्या चालीने फिरवून आणा."

लाल मातीतून दोघं फिरून आले. बाईंनी पुन्हा ऐकलं आणि हसल्या. "आता एकही चुकत नाही. निवांत असली की हृदय मधेच एक ठोका गाळतं, एवढंच."

मला नवल वाटलं. न चुकणं म्हणजेच तब्येत, असं मी आजवर धरून चाललो होतो.

"मला ऐकू द्या की," काशिनाथ म्हणाला. चंद्री शांत झाल्यावर त्याने डोळे मिटून खूप वेळ ऐकलं.

"बारा वर्षं हिच्या बरोबरीनं चालतोय, बाई," तो म्हणाला, "पण ही आतून कशी चालते, ते आज कळलं."