दिगू घाडीचे चार शुक्रवार

किस्से काय, ठरवून कोणी जमवत नाही. इथे आखातात, सुलैबियातल्या आमच्या कॅम्पवर एका खोलीत आम्ही सहा जण. शुक्रवारी आमटी उकळेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून एक जण सुरुवात करतो, बाकीचे पाच त्यात भर घालतात. मी पडलो कंपनीचा स्टोअरकीपर. जेवढा माल आला तेवढाच सांगणार.

आमचा दिगू, म्हणजे दिगंबर घाडी. गाव कणकवलीच्या पुढे. इथे एसीच्या डक्टचा पत्रा कापतो. गावाकडे टेनिस बॉल क्रिकेटचा दादा. कंपनीच्या मॅचेसचा कप सलग तीन वर्षं आमच्या मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या हातून घेतलेला.

एका शुक्रवारी सकाळी आम्ही गोदामांमागच्या मैदानात खेळत होतो. पलीकडे कोरियन इंजिनियरांचं बेसबॉल चाललेलं. त्यांचा चेंडू उडाला आणि थेट आमच्याकडे आला. दगडासारखा टणक चेंडू! दिगूने एका हाताने झेलला आणि परत फेकला.

त्यांचे कॅप्टन किमसाहेब धावत आले. दिगूचा हात उलटसुलट करून बघितला.

"नो ग्लव्ह?"

"नो ग्लव्ह!"

तिथल्या तिथे ठरलं. दर शुक्रवारी दिगूने त्यांच्याकडून खेळायचं, मॅचमागे पैसे. आमच्या कॅम्पवरचा पहिला पगारी खेळाडू!

सगळे टाळ्या वाजवत होते. मला मात्र त्याचा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना आठवला. "दिगू, अकामा कंपनीचा आहे. दुसरीकडे पैसे घेऊन काम केलेलं कळलं तर मुदीर विमानात बसवेल!"

"भाऊ, खेळ हा रे. काम खंय हा?"

"पैसे घेतलेस की झालं काम!"

गेल्या वर्षी आमच्या एका प्लंबरने सुट्टीच्या दिवशी बाहेर नळ बसवून दिला होता. आठवड्यात घरी. आणि दिगूचा अकामा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. गावाला आई, बायको, दोन मुली. चौघींचं सगळं त्या एका कागदावर.

पण किमसाहेबांना शब्द दिलेला. आणि खरं सांगू? खेळायचा मोहही होताच.

*

पहिल्या मॅचला किमसाहेबांनी विचारलं, "कुठे उभा राहणार?"

दिगूने मैदानभर नजर फिरवली आणि थेट कॅचरकडे बोट दाखवलं. कॅचर म्हणजे त्यांचा विकेटकीपर. सगळ्यात वेगाचा चेंडू त्याच्या तोंडावर येतो. ग्लव्ह असूनही माणसं तिथे बसायला घाबरतात.

मी म्हटलं, "वेडा झालास? दात पडतील!"

"भाऊ, थयसर तोंडार जाळी गावता. कोणी वळखूचो नाय." जाळी घट्ट करत तो म्हणाला, "बॉल परवडलो, मुदीर नको!"

*

बॅटिंगला मात्र वेगळीच पंचाईत. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि पळायचं. दिगूने झकास फटका मारला आणि बॅट घेऊन सुटला! सगळे ओरडतायत, "ड्रॉप! ड्रॉप!" हा बेसजवळ पोचला, वाकला आणि क्रीजमध्ये टेकवावी तशी बॅट टेकवली. समोरची फिलिपिनो टीम हसून हसून लोळली.

कॅम्पवर मी त्याला झाडूचा दांडा देऊन प्रॅक्टिस करवली. "मार, टाक, पळ!" दहादा केलं. दहाही वेळा दांडा हातातच!

"भाऊ, बॅट टाकून खंय पळतत? बॅट काय चोरीची हा?"

*

तिसऱ्या शुक्रवारी मैदानाच्या कडेला एक पांढरी पिकअप येऊन थांबली. कंपनीच्या गाड्याही पांढऱ्याच. दिगू जाळीसकट मैदान सोडून पळाला आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. खेळ बंद.

दार उघडलं. एक बांगलादेशी म्हातारा उतरला. "भाई, तरबूज लेगा?"

घाबरलेल्या दिगूने अख्खी चार टरबुजं घेतली. आम्ही ती टाकीमागे बसून खाल्ली. दिगूने जाळी काढलीच नाही, नुसती कपाळावर सरकवायचा आणि घास घेतला की परत खाली!

*

चौथा शुक्रवार फायनलचा. त्या दिवशी धूळ सुटली होती. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो आणि मधल्या खुर्चीवर बघतो तर आमचा मुदीर! किमसाहेबांच्या कंपनीचंच डक्टचं काम आमच्याकडे. त्यांनी मोठ्या प्रेमाने बोलावलेलं.

दिगूची शेवटची बॅटिंग बाकी होती. बॅटिंगला जाळी नसते. बिचाऱ्याने धुळीचं निमित्त करून डोळ्यांपर्यंत पंचा गुंडाळला.

पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसरा असा हाणला की गोदामाच्या पत्र्यावर वाजला! सगळं मैदान उभं राहिलं. आणि आमचा वाघ बॅट घेऊन पळतोय! पहिला बेस, टेकव. दुसरा, टेकव. तिसरा, टेकव!

मुदीर मागे वळला. दिगूकडे बोट दाखवून मला म्हणाला, "ये कौन?"

काय सुचलं देव जाणे. मी म्हटलं, "कोरियन है, सर."

मुदीर धुळीतून बघत राहिला.

शनिवार गेला. रविवारी सकाळी ऑफिसातून निरोप आला. दिगंबर घाडी, आणि सोबत मी. जिन्यात दिगूने माझं मनगट धरलं. "भाऊ, आता माका घराक धाडतलो. पोरींका काय सांगू?" मीही खोटं बोललेलो, माझंही विमान ठरलेलं!

आत टेबलावर दिगूची फाइल. मुदीरने एकेक पान सावकाश उलटलं. खिशातलं पेन काढलं, सही केली, कागद फिरवला आणि पेन दिगूच्या हातात दिलं. "साइन."

अकाम्याचा रिन्यूअल फॉर्म! दिगूने सही केली, "शुक्रन सर, शुक्रन" म्हणाला, वळला आणि दाराकडे जवळजवळ धावतच सुटला. मी त्याच्या मागे.

"दिगंबर!"

आम्ही दोघं दारातून मागे वळलो.

मुदीर फाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "पेन तो छोड के भागो!"