काकूंनी सोडवलेलं यंत्र

उभा जन्म शिलाई मशीनवर काढलेल्या काकूंना सुनेच्या सिंकखालच्या यंत्राची मात्र धास्ती वाटायची. ते खरकटं दळून पाण्याबरोबर वाहून न्यायचं. चालू सुनेनंच करायचं, काकूंनी लांब उभं राहायचं.

एका सकाळी घरात एकट्याच असताना त्यांनी धीर करून खटका दाबला. यंत्र नुसतंच घुमलं आणि गप्प झालं. काकूंनी झटकन खटका बंद केला. त्यांनी सुनेला ऑफिसात फोन लावला.

"आई, आधी प्लग काढा. आत हात अजिबात घालू नका, चिमटा घ्या."

बॅटरी मारून बघतात तर काय, तळाशी कोटाचं बटण अडकलेलं! त्यांच्याच शिवणाच्या डब्यातलं. काकूंनी जीभ चावली आणि ते चिमट्यानं अलगद उचललं. मग सुनेच्या सांगण्यावरून सिंकखाली शिरून त्यांनी यंत्राबरोबर आलेली सहाकोनी किल्ली त्याच्या बुडाच्या भोकात घातली आणि मागेपुढे फिरवली.

"फिरलं गं, फिरलं!"

"आता बुडाचं रीसेटचं लाल बटण दाबा, प्लग लावा. गार पाणी सोडून मगच चालू करा."

यंत्र झोकात घरघरलं. काकूंनी फोन थेट सिंकपाशी नेला. "ऐकतेस ना?" पलीकडून सुनेबरोबर स्पीकरवर ऐकणाऱ्या अख्ख्या ऑफिसनं टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी मुलगा ताट घेऊन सिंककडे वळला, तशा काकू पदर खोचून आडव्या आल्या.

"थांब रे! आधी पाणी सोड. आणि खटका मी दाबणार!"